मान्यवर हॉटसीटवर बसले त्या दोन रात्री : खानदेशातल्या एका प्रश्नमंजुषेचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या पट्ट्यातलं एक तालुक्याचं गाव. गावाचं, मंडळाचं आणि माणसांचं नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. सार्वजनिक वाचनालयाला लागून पत्र्याच्या छताची एक अभ्यासिका आहे. तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी अशा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली तिथे सकाळी सातपासून बसतात. निम्म्याहून जास्त आसपासच्या खेड्यांतली. पहिल्या एसटीने येतात, डबा सोबत आणतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात.

गणेशोत्सवात वाचनालयाशेजारचं मंडळ ‘करोडपती’च्या धर्तीवर प्रश्नमंजुषा घेतं. प्रोजेक्टरवर चार पर्याय, दहा पायऱ्या, पन्नास-पन्नासची लाइफलाइन, मंडपातल्या लोकांचं मत आणि समोर हॉटसीट म्हणून ठेवलेली उंच खुर्ची. शेवटच्या पायरीवर अकरा हजार. पहिली दोन वर्षं अभ्यासिकेतल्या मुलांनीच हा खेळ रंगवला. प्रश्न काढणारे आम्ही तिघं. दोन शिक्षक, आणि मी, वाचनालयाचं काम बघणारा.

प्रश्न कठीण असत, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. पाटणच्या शिलालेखावर मी एक प्रश्न काढला होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा हा शिलालेख चाळीसगावजवळ आहे. तो कोणत्या साली कोरला गेला, असं विचारलं होतं. उत्तर होतं १२०७. दुसऱ्या वर्षी सातव्या पायरीवर एक मुलगी या प्रश्नाला अडली. चार पर्यायांपैकी दोन उडवूनही तिचं उत्तर चुकलं. खाली उतरताना ती म्हणाली, “आता आयुष्यात विसरणार नाही.” ही मुलगी पुढे या प्रकरणात पुन्हा येते.

तिसऱ्या वर्षी अभ्यासिकेला इन्व्हर्टर आणि खुर्च्या हव्या होत्या. पावसाळ्यात वीज गेली की मुलं मोबाइलच्या उजेडात वाचत. मंडळाच्या बैठकीत ठरलं की या वेळी दोन रात्री ‘मान्यवर विशेष’ घ्यायचं. गावातली नावाजलेली माणसं हॉटसीटवर बसतील, आणि जो जितक्या पायऱ्या चढेल तितकी रक्कम जिनिंगवाले (कापसातून सरकी काढायचा कारखाना चालवणारे) शेठ अभ्यासिकेला देतील. सगळ्यात वरची पायरी एकावन्न हजारांची. फ्लेक्स लागला, त्यावर ‘सेलिब्रिटी’ हा शब्दही आला.

हा प्रकार आला कुठून

आमच्या चुकीचं मूळ या इतिहासात आहे, म्हणून जरा थांबून तो सांगतो. तो मी कार्यक्रमाच्या आधी वाचायला हवा होता. वाचला नंतर.

नावाजलेल्या माणसांना खेळात आणणं टीव्हीइतकंच जुनं आहे. अमेरिकेत १९५० सालीच एका कार्यक्रमात प्रसिद्ध व्यक्तींचं पॅनल बसे आणि समोरच्या माणसाचा धंदा ओळखे. पण त्या दशकातली मोठी हवा होती भरघोस बक्षिसांच्या ज्ञानस्पर्धांची, आणि त्यांत सामान्य माणूस खेळायचा. ‘ट्वेंटी-वन’ या खेळात कोलंबिया विद्यापीठातला चार्ल्स व्हॅन डोरेन हा तरुण अध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत गेला आणि देशभर प्रसिद्ध झाला. त्याच्याआधीचा विजेता हर्ब स्टेम्पेल. ज्या प्रश्नाचं उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यावरच चुकायला निर्मात्यांनी त्याला सांगितलं होतं. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने संसदीय समितीपुढे कबूल केलं की प्रश्नोत्तरं त्याला आधी मिळत होती. १९६० मध्ये तिथे कायदाच झाला. ज्ञानाच्या स्पर्धेत कुणाला गुपचूप मदत करणं हा गुन्हा ठरला.

त्यानंतर १९६१ मध्ये ‘पासवर्ड’ आला. मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा खेळ हाच वाटतो. त्यात एक प्रसिद्ध व्यक्ती आणि एक सामान्य स्पर्धक यांची जोडी असे. एकाने एका शब्दाचा इशारा द्यायचा, दुसऱ्याने लपलेला शब्द ओळखायचा. प्रसिद्ध माणसाला किती माहिती आहे याची तिथे परीक्षाच नव्हती. दोघांचं जमतं का, एवढंच बघायचं. बक्षीस मात्र सामान्य स्पर्धकाचं. म्हणजे प्रसिद्ध माणूस चुकला तर त्याची अब्रू जात नव्हती आणि जिंकला तर दुसऱ्याचं भलं होत होतं.

नेहमीच्या ज्ञानस्पर्धेची ‘सेलिब्रिटी’ आवृत्ती हा प्रकार वेगळा. ‘जेपर्डी’ १९६४ चा खेळ, त्याची अशी आवृत्ती १९९२ मध्ये आली. जिंकलेले पैसे स्पर्धकाने निवडलेल्या सेवाभावी संस्थेला जातात आणि प्रश्न नेहमीपेक्षा सोपे असतात, हे प्रेक्षकांना ठाऊक असतं. शिवाय स्पर्धक हरला तरी त्याच्या संस्थेला ठरावीक किमान रक्कम मिळते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, आमचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

‘करोडपती’चा मूळ खेळ ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झाला, पुढच्या वर्षी अमेरिकेत गेला आणि मे २००० मध्ये तिथे प्रसिद्ध व्यक्तींचे भाग झाले. पहिल्या दहा प्रश्नांना बाकीचे बसलेले स्पर्धक हॉटसीटवरच्याला मदत करू शकत. सवलत मोठीच होती, पण ती नियमात होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होती. त्याच वर्षी ३ जुलैला आपल्याकडे अमिताभ बच्चन यांच्यासह ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. मराठीत तो खेळ २०१३ मध्ये आला, सचिन खेडेकरांच्या सूत्रसंचालनात.

हिंदीत नटनट्या आणि क्रिकेटपटू हॉटसीटवर येऊन गेलेच. २०१८ च्या पर्वात मात्र शुक्रवारचा ‘कर्मवीर’ भाग सुरू झाला आणि तिथे डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे बसले. पुढच्या वर्षी सिंधुताई सपकाळ आल्या. ‘मान्यवर कोण’ या प्रश्नाचं उत्तर त्या भागाने बदललं. चेहरा ओळखीचा असण्याऐवजी काम ओळखीचं असणं महत्त्वाचं झालं. आमच्या फ्लेक्सवर मात्र चेहरेच होते.

अडचण

पाहुणे चार. गावच्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरताई, मालिकांमध्ये छोट्या भूमिका केलेला गावचा एक नट, जिनिंगवाले शेठ स्वतः, आणि लोकप्रतिनिधी, ज्यांना सगळा तालुका ‘आबा’ म्हणतो. पहिल्या रात्री आबा आणि नट, दुसऱ्या रात्री बाकीचे दोघं.

आदल्या संध्याकाळी मंडळाचे एक जुने कार्यकर्ते वाचनालयात आले. माणूस चांगला, अभ्यासिकेसाठी दारोदार पावत्या फाडणारा. म्हणाले, “भाऊ, आबांना दोन-चार प्रश्न आधी कळवून ठेवा. हजार माणसांसमोर दुसऱ्याच पायरीवर पडले तर आपल्यालाच महागात पडेल. आणि पैसे कुणाला जाणार? पोरांनाच ना?”

या शेवटच्या वाक्याने मला गप्प केलं. ते खोटं नव्हतं. आबा जितके वर चढतील तितका इन्व्हर्टर जवळ येणार होता. शेठ पैसे आनंदाने देणार होते. वरवर पाहिलं तर कुणाचंच नुकसान होत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

आम्ही तिघं रात्री अकरापर्यंत बसलो. प्रश्न आधी देणं तिघांनाही मान्य नव्हतं, त्यावर चर्चा लांबली नाही. मुलांना दिले जातात तसेच कठीण प्रश्न द्यावेत, असं आमच्यातल्या गणिताच्या सरांचं म्हणणं होतं. पडले तर पडले, खेळ आहे. पण मग अभ्यासिकेला पाच-सात हजारच मिळाले असते, आणि पाहुण्यांना घरी बोलावून पाडल्यासारखं झालं असतं. तिसरा पर्याय असा की सोपे प्रश्न काढायचे आणि सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगायचं, “आजचा खेळ हलका आहे, अभ्यासिकेच्या मदतीसाठी आहे.” इंग्रजीच्या बाई त्या बाजूच्या होत्या. मी म्हणालो, असं सांगितलं तर पाहुण्यांचा अपमान होईल.

मग आम्ही जे केलं ते या तिन्हीत नव्हतं. सोपे प्रश्न काढले आणि काही सांगितलं नाही. हा निर्णय माझा होता. बाकीच्या दोघांनी माझ्या वयाचा मान ठेवला. एवढ्या वर्षांनीही त्या रात्रीची माझी चूक मला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. प्रश्न फोडले नाहीत याचंच समाधान मानून मी झोपलो. प्रश्नपत्रिकेची गुप्तता राखली म्हणजे खेळ स्वच्छ राहिला, अशी माझी समजूत होती. पण मंडपातल्या माणसाच्या लेखी दहा पायऱ्या म्हणजे त्याच दहा पायऱ्या होत्या. त्यांची उंची आम्ही गुपचूप कमी केली होती.

पहिली रात्र

मंडप भरला होता. बायका पुढे सतरंजीवर, पोरं मागे मोटरसायकलींवर. आबा सहज चढत गेले. सातव्या पायरीवर प्रश्न आला, बहिणाबाई चौधरींचं माहेर कोणतं? खानदेशात हे शाळेतल्या पोराला विचारलं तरी ते आसोदा म्हणून सांगेल. आबांनी सांगितलं, टाळ्या पडल्या, फटाक्यांची माळ लागली.

मागून मात्र टाळी आली नाही. अभ्यासिकेची मुलं ज्या कोपऱ्यात उभी होती तिथे एकदम शांत झालं. सातवी पायरी. मागच्या वर्षी याच पायरीवर त्या मुलीला शिलालेखाचं साल विचारलं होतं.

आबा एकावन्न हजारांपर्यंत गेले. नवव्या पायरीला पुढच्या रांगेतून कुणीतरी हाताची तीन बोटं दाखवली. आबांनी ती बघितली की नाही, मी सांगू शकत नाही. उत्तर मात्र तिसरा पर्यायच होता आणि तो प्रश्नही त्यांना येण्यासारखा होता. नटाने छान खेळ केला, आठव्याला स्वतःहून थांबला.

कार्यक्रम संपल्यावर मी वायर गुंडाळत होतो. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा जवळ आला. रागाचा आवाज नव्हता त्याचा. म्हणाला, “सर, आमले इतला सोपा प्रश्न कव्हय इचारा का तुम्ही?”

त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

सात वाजता अभ्यासिका उघडली तेव्हा नेहमीसारखी मुलं आली, पण वाचायला कुणी बसलं नव्हतं. त्या मुलीने बोलायला सुरुवात केली. पैशांबद्दल तिची तक्रार नव्हती. ती म्हणाली, “इन्व्हर्टर आला की मीच त्याखाली बसणार आहे. पण लोकांना काय दिसलं? आबा शेवटपर्यंत गेले आणि आम्ही वर्षभर इथे बसून सातव्याला पडलो. माझ्या वडिलांनी घरी जाताना हेच विचारलं मला.”

मंडळाच्या कार्यकर्त्यांना हे रडगाणं वाटलं. पैसे त्यांच्यासाठीच आणि कुरकुर तेच करतात, असं त्यांचं म्हणणं. इथे एक गोष्ट मला पहिल्यांदा समजली. ज्यांच्या नावाने आपण मदत गोळा करतो त्यांना त्या मदतीखेरीज आणखी काही हवं असू शकतं, आणि ते ‘काही’ आपण मदत देतानाच काढून घेतलेलं असतं. या मुलांची सगळी भिस्त एका गोष्टीवर आहे. परीक्षा सगळ्यांना सारखी असते, यावर. पेपरफुटीच्या बातम्या आल्या की ती किती खचतात ते मी रोज बघतो. त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच नावाने, आम्ही दोन मापं लावली होती.

दुपारी तीनपर्यंत निर्णय घ्यायचा होता. कार्यक्रम रद्द करावा, असं एक मत आलं. डॉक्टरताई आणि शेठ यांचा त्यात काही दोष नव्हता, म्हणून ते मागे पडलं. कठीण प्रश्न देऊन कालची भरपाई करावी, असंही कुणी म्हणालं. म्हणजे कालच्या चुकीची शिक्षा आजच्या पाहुण्यांना. तेही नको वाटलं.

जोडीची कल्पना इंग्रजीच्या बाईंनी मांडली. वर सांगितलेला १९६१ चा तो खेळ त्यांना ठाऊक होता. प्रत्येक पाहुण्याबरोबर अभ्यासिकेतलं एक जण हॉटसीटवर बसेल. प्रश्न मुलांच्याच पातळीचे. दोघांनी उघडपणे, माईकवर बोलून उत्तर ठरवायचं.

पण पैशांचं काय, हा प्रश्न उरलाच. रक्कम पायऱ्यांना बांधलेली असेल तर कुणीतरी पुन्हा मदतीचा हात पुढे करणारच. तेव्हा गणिताचे सर उठले आणि सरळ जिनिंगवर गेले. शेठना सांगितलं, आजची देणगी उत्तरांवर ठेवू नका, जी द्यायची ती खेळाआधीच जाहीर करा. शेठनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मग मला हरायची भीती नाही. बरं झालं.” जे आम्ही पाहुण्यांच्या मानासाठी म्हणून लपवत होतो, ते पाहुण्यालाच नको होतं. आदल्या दिवशी कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

दुसरी रात्र

सूत्रसंचालकाने सुरुवातीला चार वाक्यं वाचली. ती मी लिहिली होती. काल प्रश्न सोपे काढले होते, हे आधी सांगितलं नाही, ही प्रश्न काढणाऱ्यांची चूक होती, पाहुण्यांचा त्यात दोष नाही. मंडपात कुजबुज झाली. एवढंच. मी ज्याची भीती घेऊन बसलो होतो तसं काही झालं नाही.

डॉक्टरताईंबरोबर ती मुलगी बसली. पाचवा प्रश्न होता, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन कुठे आणि कोणाच्या अध्यक्षतेखाली झालं? मुलीने लगेच सांगितलं, फैजपूर, १९३६. अध्यक्षांच्या नावावर ती अडखळली. डॉक्टरताई म्हणाल्या, “माझे आजोबा सांगायचे, नेहरूंना बघायला ते चालत गेले होते.” उत्तर बरोबर आलं. त्या क्षणाला आलेली टाळी मंडपाच्या सगळ्या कोपऱ्यांतून आली. सहाव्याला दोघीही चुकल्या, हसत खाली उतरल्या आणि कुणाची फजिती झाली नाही.

शेठच्या वेळी प्रश्न होता रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठीचा. बाजारात एक गाठ किती किलोची धरतात? त्यांच्या जोडीदाराने सव्वाशेचा अंदाज केला. शेठ म्हणाले, “थांब बाबा, हे माझ्या घरचं आहे. एकशे सत्तर.” मग माईक हातात घेऊन त्यांनी गाठ म्हणजे काय, खंडी म्हणजे काय, कपाशीतून सरकी कशी वेगळी होते, हे पाच मिनिटं सांगितलं. घड्याळ थांबवावं लागलं. त्या दोन रात्रींतली मला सगळ्यात आवडलेली ती पाच मिनिटं. ते आठव्यापर्यंत गेले.

परिणाम

इन्व्हर्टर आला. खुर्च्या ठरल्यापेक्षा कमी आल्या, कारण दुसऱ्या रात्रीची ठरलेली रक्कम एकावन्न हजारांपेक्षा कमी होती. जुने कार्यकर्ते मला ते अजून ऐकवतात, आणि हिशेबाच्या बाजूने ते बरोबर आहेत. आबा वर्षभर वाचनालयाकडे फिरकले नाहीत. पहिल्या रात्रीबद्दलच्या खुलाशात त्यांचं नाव घेतलं नव्हतं, तरी हॉटसीटवर कोण बसलं होतं हे गावाला ठाऊक होतं. त्यांना आधी भेटून, सांगून मग खुलासा करायला हवा होता. पुढच्या वर्षी मी गेलो, माफी मागितली. चहा झाला. पूर्वीचा मोकळेपणा आला असं म्हणणार नाही.

पोलीस भरतीच्या त्या मुलाने पुढच्या वर्षी प्रश्न काढायच्या कामात भाग घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, देणगी आणि उत्तर यांची गाठ पहिल्याच बैठकीत सोडवायला हवी होती. ती गाठ होती म्हणून चांगल्या माणसाच्या तोंडी प्रश्न फोडण्याची भाषा आली. हरलं तरी किमान रक्कम नक्की, ही साधी तरतूद मोठ्या कार्यक्रमांत कधीपासून आहे, ती कशासाठी आहे हे आम्ही विचारलं नाही.

पुढची रांग मोकळी ठेवायला हवी होती. तीन बोटांचा तो प्रसंग खरा की योगायोग, हे आजही ठरत नाही, आणि न ठरणंच वाईट. ब्रिटनमध्ये २००१ साली चार्ल्स इंग्रम या स्पर्धकाला प्रेक्षकांतून खोकल्याने खुणा दिल्या गेल्या आणि ते प्रकरण थेट न्यायालयात जाऊन शिक्षेपर्यंत पोचलं. आमच्याकडे कोण न्यायालयात जाणार? संशय मात्र गावात राहतो.

सोपे प्रश्न उघडपणे जाहीर केले असते तर चाललं असतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. बाईंना वाटतं, चाललं असतं. मला वाटतं, अभ्यासिकेच्या दारात तरी नाही. दुसऱ्या मंडपात, दुसऱ्या कामासाठी, कदाचित.

आणि पाहुण्यांची निवड. यंदाच्या यादीत वाचनालयासमोर वीस वर्षं पोळीभाजीचे डबे देणाऱ्या मावशी आहेत आणि धरणावर गेज, म्हणजे पाण्याची पातळी, वाचणारे निवृत्त कर्मचारी आहेत. मावशींनी विचारलं, “मला काय येतं रे?” त्यांच्या जोडीला कोण बसणार हे अजून ठरायचं आहे. अभ्यासिकेतून सात जणांनी नाव दिलं आहे.